फायलींच्या इतिहासाचं चित्र खरं बोलतंय का?

लिनक्स कर्नलचा सगळा कोड कोणालाही फुकट उतरवून घेता येतो. तो घ्या आणि फायलींचा इतिहास चित्रात दाखवणारं कोणतंही साधन त्यावर चालवा. एक चमत्कार दिसेल. १६ एप्रिल २००५ या एका दिवशी लिनस टोरवाल्ड्स नावाच्या गृहस्थांनी सतरा हजारांहून जास्त फायली लिहून टाकल्या, आणि त्याआधी जगात काहीच नव्हतं! प्रत्यक्षात कर्नल १९९१पासून लिहिला जातोय आणि त्याला हातभार लावणाऱ्यांची मोजदाद करणं कठीण आहे. झालं एवढंच, की २००५ साली बिटकीपर सोडून स्वतः रचलेल्या गिटवर येताना टोरवाल्ड्सनी जुना इतिहास मुद्दामच बरोबर आणला नाही. २.६.१२-आरसी२ या आवृत्तीचा अख्खा कोड एका कमिटमध्ये टाकला आणि तिथून पुढे मोजणी सुरू केली.

इथे साधनाची चूक शून्य आहे. आकडे बरोबर, रंग सुरेख, आणि चित्रावरून काढलेला निष्कर्ष साफ खोटा.

टीमसाठी असं साधन निवडायचं काम ज्यांच्या गळ्यात पडतं, त्यांच्यासाठी हा लेख आहे. निवड बहुतेक वेळा डेमो बघून होते. डेमोतला रेपो शहाण्या मुलासारखा असतो: नावं बदललेली नाहीत, ब्रँचेसचा गुंता नाही, सगळ्यांच्या घड्याळात एकच वेळ. आपला रेपो तसा नसतो. म्हणून माझा सल्ला साधा आहे. ज्या इतिहासाची खरी हकीकत तुम्हाला आधीपासून ठाऊक आहे, त्याच इतिहासावर साधन चालवा आणि ते काय सांगतं ते पाहा. बाकी सगळी वैशिष्ट्यं नंतर.

आधी प्रश्न लिहून काढा

‘आम्हाला प्रोजेक्टचा इतिहास बघायचाय’ हा प्रश्न नव्हे. कागदावर एक वाक्य लिहा, ज्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असेल. निम्म्या मागण्या इथेच निकालात निघतात, कारण त्यांना चित्र लागतच नाही. ‘ही ओळ कोणी बदलली आणि का?’ याचं उत्तर गिटच्या ‘ब्लेम’मध्ये आहे. एखादा शब्द कोडमध्ये कधी आला किंवा कधी गेला हे ‘लॉग’चा मोठा ‘एस’ पर्याय सांगतो. ठरावीक ओळींचा प्रवास हवा असेल तर मोठा ‘एल’. त्यासाठी परवाने विकत घेणं म्हणजे नुसता पैशाचा चुराडा.

चित्र खरोखर लागतं ते वेगळ्या प्रश्नांना. ब्रँच कुठे फुटली आणि कुठे मिळाली हे बघायला गिटबरोबर येणारा जुनाजाणता ‘गिटके’ किंवा टर्मिनलात चालणारा ‘टिग’ पुरेसा आहे. दिसायला दोन्ही ओबडधोबड, पण रोजच्या कामात त्यांची बरोबरी करणारं फार थोडं आहे. कुठल्या फायलींना सतत हात लावावा लागतो, आणि एक बदलली की दुसरीही हमखास बदलावी लागते अशा जोड्या कुठल्या, हे ॲडम टॉर्नहिल यांचं ‘कोड मात’ काढून देतं. जुन्या कोडपैकी आज किती शिल्लक आहे याचा आलेख एरिक बर्नहार्डसन यांचं ‘गिट ऑफ थीसियस’ काढतं. प्रत्येक वर्षी लिहिलेल्या ओळींचा एक थर आणि तो पुढे पुढे कसा झिजत गेला. आणि वार्षिक मेळाव्यात पडद्यावर लावून टाळ्या घ्यायच्या असतील, तर अँड्र्यू कॉडवेल यांचं ‘गोर्स’ आहेच.

मग इतिहास रचा

आता मुख्य काम. एक रिकामा रेपो घ्या आणि त्यात दहा-बारा फायली टाकून मुद्दाम इतिहास घडवा. यात अर्धा दिवस जातो, पण एकदा केलेला हा रेपो पुढे प्रत्येक साधनाच्या परीक्षेला कामी येतो. त्यात कोणत्या खोड्या घालायच्या ते सांगतो.

पहिली खोडी नावाची. एका फाइलीचं नुसतं नाव बदला. दुसरीचं नाव बदला आणि त्याच कमिटमध्ये तिच्यातला बहुतेक मजकूरही बदला. गिट नावबदलाची नोंद ठेवतच नाही, हे अनेक वर्षं गिट वापरणाऱ्यांनाही माहीत नसतं. आधीची फाइल गेली आणि नवी आली एवढंच त्याला दिसतं. दोन्हींत निम्म्याहून जास्त साम्य असेल तर ‘नाव बदललं असावं’ असा ते अंदाज करतं. म्हणजे पहिली फाइल ओळखली जाईल, दुसरी सुटेल. दुसरी सुटली म्हणून साधनाला दोष देऊ नका. पण पहिलीलाही ते ‘एक फाइल मेली, एक जन्मली’ असं दाखवत असेल, तर फोल्डरांची मांडणी बदललेल्या कोणत्याही जुन्या प्रोजेक्टवर ते निकामी आहे. त्या मांडणीबदलाच्या दिवशी सगळा इतिहास तुटलेला दिसेल.

दुसरी खोडी: सगळ्या फायलींतले टॅब काढून स्पेस घाला आणि एका कमिटमध्ये टाका. प्रत्येक टीममध्ये कधी ना कधी कोणीतरी फॉरमॅटर चालवतोच. त्यानंतर ब्लेममध्ये सगळ्या ओळी त्या एका माणसाच्या नावावर जमा होतात, बिचाऱ्यानं कोडचं एक अक्षर लिहिलेलं नसलं तरी. २०१९मध्ये आलेल्या गिट २.२३ पासून अशी कमिट्स एका यादीत लिहून ब्लेमला ती ओलांडायला सांगता येतं. तुमचं साधन ती यादी वाचतं का? मोकळ्या जागेचे बदल वगळायची सोय त्यात आहे का? नसेल तर ‘सर्वाधिक बदललेल्या फायली’ म्हणून ते जे काही दाखवेल, त्यातला बराचसा भाग फॉरमॅटरचा पराक्रम असेल.

तिसरी माणसांची. एकाच व्यक्तीच्या नावानं दोन ईमेलवरून कमिट करा, एक ऑफिसचा, एक घरचा. आणि एकदा नाव देवनागरीत, एकदा रोमन लिपीत. चित्रात दोन-तीन माणसं उगवतील. गिटमध्ये ‘मेलमॅप’ नावाची साधी फाइल असते, तिच्यात या सगळ्या ओळखी एकत्र बांधता येतात. ती मानणारं साधन आणि न मानणारं साधन यांत मी क्षणभरही विचार न करता पहिलं घेईन.

चौथी तारखांची, आणि ही सगळ्यात फसवी. गिटच्या प्रत्येक कमिटला दोन तारखा असतात: काम लिहिलं ती आणि कमिट रेपोत आत्ताच्या रूपात नोंदलं गेलं ती. जानेवारीत केलेलं काम मार्चमध्ये रिबेस केलं तर पहिली तारीख जानेवारीचीच राहते, दुसरी मार्चची होते. साध्या ‘गिट लॉग’मध्ये गंमत अशी, की क्रम लागतो दुसऱ्या तारखेनं आणि छापली जाते पहिली. चित्र कुठली तारीख घेतं हे साधनाच्या माहितीपत्रकात क्वचितच लिहिलेलं असतं. तुमच्या रचलेल्या रेपोत मात्र ते एका नजरेत कळतं. जाता जाता एक कमिट १ जानेवारी १९७० या तारखेचंही घाला. बिघडलेल्या घड्याळाचं हे ठरलेलं लक्षण आहे. काही साधनं या एका कमिटपायी पन्नासेक वर्षांचा रिकामा पट्टा काढतात आणि तुमची खरी दोन वर्षं उजव्या कडेला चिरडतात.

तारखेबरोबर वेळही तपासा. सोमवारी पहाटे दोनला पुण्यात केलेलं कमिट यूटीसीमध्ये रविवारी रात्री साडेआठला पडतं. ‘आठवड्यातल्या कोणत्या वारी, कोणत्या तासाला काम होतं’ असे चौकटींचे रंगीत तक्ते काढणारी साधनं पुष्कळ आहेत. गिट प्रत्येक वेळेबरोबर अधिक साडेपाच तासांची नोंद ठेवतं, पण ती वापरायची की नाही हे साधनावर असतं. टीम अर्धी पुण्यात आणि अर्धी लंडनमध्ये असेल, तर हा प्रश्न विचारल्याशिवाय असा तक्ता बघूच नये.

पाचवी मर्जची. एका ब्रँचवर एखाद्या फाइलीत बदल करा आणि मर्ज करताना तो टाकून द्या, म्हणजे मुख्य ब्रँचवरचाच मजकूर ठेवा. आता फक्त त्या फाइलीचा लॉग मागा. टाकून दिलेला बदल दिसणारच नाही! गिट एका फाइलीपुरता इतिहास दाखवताना तो सोपा करतं आणि शेवटच्या मजकुरावर परिणाम न झालेली वाट वगळतं. ‘फुल हिस्टरी’ हा पर्याय दिला की ती परत येते. एखादी दुरुस्ती ‘झाली होती, पण गेली कुठे?’ हे शोधताना नेमकी हीच वाट हवी असते. त्यामुळे फाइलीवर क्लिक केल्यावर साधन कोणता इतिहास देतं, सोपा की पूर्ण, हे बघून ठेवा.

शेवटची खोडी खास आपली. एका फाइलीचं नाव ‘वही’ ठेवा. गिटची मूळ सेटिंग बदललेली नसेल तर लॉगमध्ये ‘वही’ दिसत नाही; तिच्या जागी उलट्या तिरक्या रेघांमागून ३४०, २४४, २६५ असे नऊ आकडे येतात, कारण तीन चिन्हांचे नऊ बाइट होतात. ‘कोट पाथ’ ही सेटिंग बंद केली की नाव सरळ उमटतं. पण लॉग वाचून चित्र काढणारी कित्येक साधनं ते आकडेच नाव समजून छापतात. नाव दिसलं तरी पुढे इतर मराठी नावंही बघा: जोडाक्षरं जुळलीत का, ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी आलाय की मागे लोंबकळतोय?

आणि दुसरी फाइल ‘कऱ्हाड’. यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकाच चिन्हानं, किंवा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता अशा दोन चिन्हांनी. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइल-व्यवस्था नावं फोडून दोन चिन्हांत ठेवायची. ही भानगड निस्तरण्यासाठी गिटमध्ये ‘प्रीकंपोज युनिकोड’ नावाची वेगळी सेटिंग करावी लागली. जुन्या रेपोत अशी दुहेरी नावं शिरलेली असतील, तर चित्रात हुबेहूब एकसारखी दिसणारी दोन कऱ्हाडं येतात आणि इतिहास दोघांत वाटला जातो. मराठी मजकूर, शब्दकोश किंवा अभ्यासक्रमाच्या फायली गिटमध्ये ठेवणाऱ्यांनी ही चाचणी गाळू नये.

आडवा अक्ष कशाचा?

रचलेल्या रेपोनं साधनाची खोटं बोलायची सवय कळते. पण खरं बोलतानाही चित्र काय पुढे आणतं आणि काय झाकतं, हे त्याच्या मांडणीवर ठरतं. याचं मला माहीत असलेलं सर्वात चांगलं उदाहरण कोडचं नाही, विकिपीडियाचं आहे.

फर्नांडा व्हिएगास आणि मार्टिन वॉटनबर्ग यांनी आयबीएममध्ये २००३च्या सुमारास ‘हिस्टरी फ्लो’ बनवलं. लेखाच्या प्रत्येक आवृत्तीची एक उभी रेघ, लेख जेवढा लांब तेवढी रेघ लांब, आणि ज्यानं जो मजकूर लिहिला त्याच्या रंगात तो तुकडा. शेजारशेजारच्या रेघांमधले टिकून राहिलेले तुकडे एकमेकांना जोडले की रंगीत प्रवाह वाहताना दिसतात. इंग्रजी विकिपीडियावरच्या ‘चॉकलेट’च्या लेखात दोघंजण एकच परिच्छेद घालत-काढत बसले होते, ते भांडण या चित्रात करवतीच्या दात्यांसारखं उमटलं. गर्भपातावरच्या लेखात मात्र वेगळंच कळलं. आवृत्त्या सारख्या अंतरावर मांडल्या तेव्हा मधे मधे काळ्या चिरा होत्या. कोणीतरी अख्खा लेख पुसला होता. तोच इतिहास तारखांच्या प्रमाणात मांडला, आणि चिरा नाहीशा. पुसलेला लेख कोणीतरी काही मिनिटांत परत आणत होतं, आणि वर्षांच्या पट्टीवर मिनिटांना रुंदीच नसते.

दोन्ही चित्रं खरी. ‘लेखावर हल्ले होतात का?’ याचं उत्तर पहिल्यात आहे, ‘वाचकाला खराब लेख दिसतो का?’ याचं दुसऱ्यात. कोडलाही हेच लागू. ज्या टीममध्ये सगळे शुक्रवारी संध्याकाळी आठवडाभराचं काम एकदम कमिट करतात, तिचा तारखेचा आलेख टोकदार सुळक्यांचा दिसेल आणि त्यावरून कामाच्या वेगाबद्दल काहीच कळणार नाही. म्हणून दोन्ही पट्ट्यांवर मांडणी बदलता येणारं साधन मला जास्त आवडतं. एकच पट्टी असेल तर ती कुठली, हे निदान अक्षावर लिहिलेलं तरी असावं.

रंगाबाबतही तेच. बेल लॅब्जमधल्या स्टीफन आइक आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली ‘सीसॉफ्ट’चं वर्णन प्रसिद्ध केलं. कोडची प्रत्येक ओळ म्हणजे एक बारीक रंगीत रेघ, अशा पन्नास हजार ओळी एका पडद्यावर. नुकती बदललेली ओळ लाल, जुनी निळी. रंग एका वेळी एकच गोष्ट सांगायचा आणि रेघेवर गेलं की मूळ कोड वाचता यायचा. आजची कितीतरी साधनं रंगानं एकदा माणूस दाखवतात, एकदा फाइलीचा प्रकार, एकदा वय, आणि क्लिक केलं तर आणखी एक चित्र उघडतं. ठिपक्यावरून प्रत्यक्ष कमिटपर्यंत आणि त्यातल्या डिफपर्यंत पोचता येत नसेल, तर चित्रावरचा संशय फेडायची सोयच उरत नाही.

‘गोर्स’बद्दल दोन शब्द, कारण निवडीच्या बैठकीत ते हमखास पुढे येतं. फोल्डरांचं झाड, त्यावर फायलींचे ठिपके, आणि भोवती घिरट्या घालत किरण सोडणारी माणसं. बघायला मजा येते, वादच नाही. पण ते चलच्चित्र आहे: मागच्या मिनिटाची आत्ताशी तुलना करायला डोळ्यांपाशी काही उरत नाही. विश्लेषणासाठी मी ते घेणार नाही. नव्या माणसाला प्रोजेक्टचा आवाका दाखवायला मात्र जरूर घ्यावं. एक काळजी घ्या: मुळात ते एका दिवसाला दहा सेकंद देतं. दहा वर्षांच्या, रोज काम चालणाऱ्या रेपोला त्या हिशेबानं दहा तास लागतील. दिवसाला सेकंदाचा दहावा भाग दिला की तेच सहा मिनिटांत बसतं.

त्याची एक सोय मात्र फारशी कोणी वापरत नाही. वेळ, व्यक्ती, क्रिया आणि फाइल असे चार रकाने उभ्या दांड्यांनी वेगळे करून साध्या मजकुरात दिले तरी ते चालतं. म्हणजे गिट नसलेल्या ठिकाणचा, एखाद्या सामायिक फोल्डरचा इतिहासही त्यात घालता येतो.

अर्थात तिथे निराळे खड्डे आहेत. डिस्कवरच्या वेळा इतिहास म्हणून वापरताना सांभाळून. विंडोजमध्ये फाइल कॉपी केली की प्रतीची निर्मितीची वेळ नवी होते आणि बदलाची जुनीच राहते, त्यामुळे ती जन्माआधीच बदललेली दिसते. पेन ड्राइव्हवरच्या फॅट व्यवस्थेत बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांत नोंदली जाते आणि शेवटचं उघडल्याची तर फक्त तारीख. लिनक्स आणि विंडोज दोन्हींकडे ‘शेवटचं उघडलं’ ही नोंद वेग वाचवण्यासाठी पूर्ण ठेवली जातेच असं नाही. आणि गिटमधून क्लोन केलेल्या फोल्डरवर अशी साधनं चालवूच नका. सगळ्या फायलींना क्लोन केल्याचा क्षण चिकटलेला असतो.

स्वतःच्या रेपोवर आणताना

रचलेल्या रेपोत उत्तीर्ण झालेलं साधन आता खऱ्या रेपोवर चालवा. तो पूर्ण उतरवलाय ना, ते आधी बघा. बिल्ड सर्व्हरवर वेळ वाचवायला शेवटचं एकच कमिट आणण्याची पद्धत आहे. तिथे साधन चालवलं तर कर्नलचा चमत्कार तुमच्याही घरी घडेल. मोठ्या रेपोवर किती वेळ लागतो तेही मोजा. ‘गिट ऑफ थीसियस’ इतिहासातल्या ठरावीक टप्प्यांवर पुन्हा पुन्हा ब्लेम काढतं, ते मोठ्या रेपोवर तास न् तास चालू शकतं. टप्पे आठवड्याऐवजी महिन्याचे केले तर आलेखाचा आकार फारसा बदलत नाही आणि काम आटोपतं.

गिटहबवर फुकट मिळणाऱ्या आलेखांच्या मर्यादाही समजून घ्या. योगदात्यांचा आलेख मुख्य ब्रँचपुरता असतो, मर्जची कमिट्स त्यात धरत नाहीत, आणि तो पहिले शंभर जणच दाखवतो. लहान टीमला पुरतं. पण मर्ज तपासून घेण्यातच ज्याचा दिवस जातो, त्या ज्येष्ठाची रेघ तिथे जवळजवळ सपाट असते. वरिष्ठांनी ‘माणशी किती काम झालं’ म्हणून हा आलेख मागितला तर द्यायला मी नकार देईन. नाही म्हणणं शक्य नसेल, तर नावं झाकता येतील असं साधन घ्या. कमिटमध्ये प्रत्येकाचा ईमेल असतो, हे रेपो बाहेरच्या ऑनलाइन सेवेला देण्याआधीही लक्षात असू द्या.

अहवालात चित्र घालताना त्याखाली चार गोष्टी छापा: कोणत्या कमिटपर्यंतचा इतिहास, कुठल्या ब्रँचेस, कोणती तारीख धरली आणि काय वगळलं. ज्या साधनातून हे चार तपशील मिळतच नाहीत, त्याची चित्रं अहवालात नकोत. आणि दोन साधनं शेवटपर्यंत बरोबरीत राहिली, तर जे आपले आकडे सीएसव्हीत बाहेर काढून देतं ते घ्या. ‘कोड मात’ तेवढंच करतं, चित्र काढतच नाही. तुम्हाला पटेल तसं ते एक्सेलमध्ये काढता येतं.